तिला भेटायला कोण जाणार?

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

शेतातून येऊन हातपाय धुऊन रेडिओपुढं बसलेल्या सगळ्या बायांना, मावश्यांना, काकूंना माझा नमस्कार. आणि भाकरी थापता थापता एका कानानं ऐकणाऱ्या पोरींनाही नमस्कार. आजचं बोलणं त्यांच्यासाठी जास्त आहे.

मी बचत गटांची सहयोगिनी. लोहा-अहमदपूरच्या शिवेवरची गावं माझ्याकडं आहेत, थोडी नांदेड जिल्ह्यातली, थोडी लातूरमधली. एरवी मी इथं हप्ता, व्याज, बँकेची कर्जमर्यादा असंच बोलते. आज पैशाचं बोलणार नाही.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आमच्या एका गटाची बैठक होती. अतिवृष्टीनं सोयाबीन गेलेलं, कापसाचं वेचणीपुरतं राहिलेलं, म्हणून बाया आधीच कावलेल्या. सतरंजी टाकली, वही उघडली, तर कुणाचं लक्षच नाही. सगळ्या एका मोबाइलवर वाकलेल्या. नांदेडचा तो व्हिडिओ चालला होता. तुम्हीही पाहिला असेल. एक पोरगी मेलेल्या मुलाच्या अंगाला हळद लावते आहे आणि स्वतःच्या कपाळावर कुंकू भरून घेते आहे.

गटातली एक काकू म्हणाली, "आईबापाचं ऐकलं नाही की असंच व्हायचं."

दुसरी म्हणाली, "आवं, पण मुडद्याशी लगीन? डोकं फिरलंय पोरीचं."

तिसरी म्हणाली, "डोकं फिरंल नाही तर काय. त्यायच्या जागी तुमी असता तर?"

मग सगळ्या गप्प. कोपऱ्यात बसलेली एक म्हातारी, जी बैठकीत कधी बोलत नाही, ती हळूच म्हणाली, "माझा भाऊ असता तर त्यानंबी हेच केलं असतं. म्हणून तर मी कधी कुणाला सांगितलंच नाही."

तिला काय सांगायचं होतं ते तिनं पुढं सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. पण त्या दिवशीची वही तशीच मिटली.

बायांनो, आधी घडलं ते नीट सांगते, कारण व्हिडिओत अर्धंच दिसतं. २७ नोव्हेंबर २०२५ ला नांदेड शहरात सक्षम ताटे या तरुणाचा खून झाला. विशीतला मुलगा. आंचल नावाच्या मुलीचं आणि त्याचं तीन वर्षांपासून जमलं होतं. दोघांच्या जाती वेगळ्या. खुनाचा आरोप आहे तो मुलीच्याच वडिलांवर आणि भावांवर. त्यांना अटक झाली. गुन्हा कुणी केला, कसा केला, हे न्यायालय ठरवील. आपण निकाल देणाऱ्या कोण? पण दुसऱ्या दिवशी ती मुलगी त्याच्या घरी गेली, अंत्यविधीच्या आधी तिनं त्याला हळद लावली, कुंकू लावून घेतलं, आणि मी आता याच घरची सून म्हणून राहणार असं सांगितलं. ती स्वतः सगळ्यांसमोर बोलली म्हणून मी तिचं नाव घेतलं. नाही तर घेतलं नसतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. हिनं असं कामून केलं असेल, हाच विचार.

मग माझ्या लक्षात एक गोष्ट आली. ती आपल्या रोजच्या व्यवहारातलीच आहे.

गावात कुणी गेलं तर आपण काय करतो? मातीला जातो. त्या घरची चूल पेटत नाही म्हणून शेजारून भाकरी-पिठलं नेतो. तेराव्यापर्यंत भेटायला जातो. विधवा झालेल्या बाईच्या शेजारी बसतो. काही बोलायला सुचलं नाही तरी पाठीवर हात ठेवतो. आई असेल तर आईसाठी, बहीण असेल तर बहिणीसाठी. प्रत्येकीचं त्या मेलेल्या माणसाशी काय नातं होतं हे गावाला माहीत असतं, म्हणून गाव तिला रडू देतं.

पण जिचं त्याच्यावर मन होतं आणि ते कुणाला सांगितलेलं नव्हतं, किंवा सांगितलं म्हणूनच हे सगळं झालं, तिचं काय? तिला सुतक नाही. तिच्या घरी भाकरी घेऊन कोण जाणार? तिला भेटायला कोण जाणार? घरातच मारणारे असतील, तर ती रडली तर तोही गुन्हा. ती रात्री पांघरुणात तोंड दाबून रडणार, सकाळी उठून अंगण झाडणार, आणि चार महिन्यांत तिला दुसऱ्या गावी देऊन टाकणार. त्या मुलाचं नाव ती जन्मभर तोंडातून काढणार नाही.

त्या हळदीचा अर्थ मला असा लागला. ती पोरगी गावाला सांगत होती, याचं माझं नातं होतं, मला रडायचा हक्क आहे. हळद, कुंकू यांशिवाय आपल्या समाजात ते सांगायला तिच्याकडं दुसरं काय होतं? मेलेल्याशी लग्न करावं असं मी कुणाही पोरीला सांगणार नाही. तिचं पुढचं आयुष्य लांब आहे, आणि ते तिला हवं तसं जगायला मिळावं. पण तिला वेडी म्हणायची माझी जीभ आता उचलत नाही.

आता मी माझं एक सांगते. माझ्या घरी हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून सांगायला हरकत नाही.

मी अकरावीला होते. एसटीनं कॉलेजला जायचे. शेजारच्या गावचा एक मुलगा त्याच गाडीला असायचा. त्याची जात वेगळी. त्याच्या इतिहासाच्या नोट्स चांगल्या असायच्या. त्या तो मला द्यायचा. एकदा वहीत चिठ्ठी निघाली. चार ओळींची होती, त्यातल्या दोन ओळी परीक्षेच्या. पण मी ती चिठ्ठी ट्रंकेत कागदाखाली ठेवली आणि रोज काढून वाचायचे. सोळा वर्षांचं वय. हसू नका, तुमच्याही ट्रंकेत काही ना काही होतंच.

ती आईच्या हाती लागली. आईला वाचता येत नव्हतं, पण लपवलेला कागद म्हणजे काय हे कळायला अक्षर लागत नाही. वडील आणि मोठा भाऊ खळ्यावर झोपायला गेल्यावर तिनं मला जवळ बसवलं आणि म्हणाली, "वाचून दाखव." मी रडत रडत वाचली. तिनं ऐकली. मग म्हणाली, "वाईट काही लिवलं नाही लेकरानं. पण आता तुजं वय शिकायचंय. तुज्या बापाला मी सांगत नाही. तू बी मला चोरून काही करू नको. पुढं काय वाटलं तर पयले मला सांग." एवढंच. मारलं नाही. कॉलेज बंद केलं नाही.

पुढं काय झालं? काहीच नाही. बारावी झाली, तो एकीकडं गेला, मी बीए केलं, माझं लग्न झालं. आज त्याचं बाजारपेठेत मोटारपंप दुरुस्तीचं दुकान आहे. आमचा पंप बिघडला की माझा नवरा त्याच्याकडंच नेतो. तो विचारतो, पोरं कितवीला आहेत? मी म्हणते, मोठी नववीला. बस.

माझ्या आयुष्यातली ही लहान गोष्ट आहे. पण ती लहान का राहिली, हे नांदेडच्या त्या घटनेनंतर मला कळलं. तो मुलगा जिवंत आहे म्हणून ती लहान आहे. आईनं त्या रात्री ती चिठ्ठी खळ्यावर पोचवली असती आणि भावाचं डोकं फिरलं असतं, तर त्या चार ओळी माझ्या छातीवर जन्मभर दगडासारख्या राहिल्या असत्या. पंधरा-सोळाव्या वर्षीचं प्रेम बहुतेक वेळा आपोआप विरून जातं. थोड्यांचं टिकतं, त्यांचं लग्न होतं. पण मधेच कुणी रक्त सांडलं, तर ते ना विरत ना पूर्ण होत. मागं राहणाऱ्याचं वय तिथंच थांबतं.

तुम्ही म्हणाल, ही शहरातली एखादी घटना, तुम्ही कशाला वाढवता? म्हणून आणखी काही सांगते. सगळ्या आपल्याच आसपासच्या आहेत.

भोकर तालुका. २०१७ साल. एका मुलीचं एका मुलाशी पाच वर्षांपासून प्रेम होतं. घरच्यांनी जूनमध्ये तिचं लग्न दुसरीकडं लावून दिलं. महिना-दीड महिन्यात ती सासर सोडून त्या मुलाकडं गेली. भाऊ त्यांना शोधत गेला. समजूत काढतो, मिटवून घेऊ, असं म्हणून दोघांना सोबत घेऊन निघाला. आणि वाटेत दोघांनाही मारलं. मग स्वतःच पोलीस ठाण्यात गेला. भोकरच्या न्यायालयानं २०१९ मध्ये त्याला फाशी सुनावली. २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं ती कायम केली. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं फाशीऐवजी जन्मठेप दिली. मी नावं घेत नाही, दोन्ही घरची माणसं आपल्यातच राहतात. पण हिशेब मांडा. एका आईची लेक गेली, लेक तुरुंगात गेला. दुसऱ्या आईचा लेक गेला. यात इज्जत कुणाची वाचली?

आणि एक गोष्ट गाठ मारून ठेवा. "या, समजूत काढू, लग्न लावून देऊ" असं बोलावणं अशा अनेक प्रकरणांत आलेलं दिसतं. बोलावणारा सख्खा असतो, म्हणूनच पोरं विश्वास ठेवतात. समजूत काढायचीच असेल तर चार माणसांत, पोलिसांसमोर, दिवसा काढावी.

पुढं जानेवारी २०२३. नांदेड तालुक्यातलं पिंपरी महिपाल. वैद्यकीय शिक्षण घेणारी मुलगी. गावातल्याच एका मुलावर तिचं प्रेम होतं. तिला मारून जाळल्याच्या आरोपावरून तिच्या वडिलांसह घरच्या माणसांना अटक झाली. इथं मागं राहिला तो मुलगा. मुलग्यांचं दुःख तर आपण मोजतच नाही. "गडी माणूस, विसरंल" म्हणतो. तो विसरला का, हे कुणी जाऊन विचारलं?

आपल्या बिलोली-देगलूरच्या बायांची नाती तेलंगणात आहेत. त्यांना मिर्यालगुडाचं माहीत असेल. प्रणय आणि अमृता. शाळेत असताना, ती नववीत आणि तो दहावीत, तेव्हापासूनची ओळख. मोठी झाल्यावर २०१८ च्या जानेवारीत त्यांनी लग्न केलं. सप्टेंबरमध्ये ती गरोदर होती. दवाखान्यातून तपासणी करून बाहेर पडताना तिच्या डोळ्यांदेखत प्रणयला मारलं. पैसे देऊन मारेकरी लावल्याचा आरोप तिच्या वडिलांवर होता. त्यांनी २०२० मध्ये आत्महत्या केली. २०१९ मध्ये अमृताला मुलगा झाला. खटला साडेसहा वर्षं चालला. १० मार्च २०२५ ला नलगोंडाच्या न्यायालयानं एकाला फाशी आणि सहा जणांना जन्मठेप सुनावली. माहेरचीच माणसं आरोपी असताना ती बोलत राहिली. शाळेतल्या ओळखीपासून निकालापर्यंत तिचं अर्धं तरुणपण गेलं. आठवण ठेवणं हे रडण्यापुरतं नसतं. कधी कधी न्यायालयात उभं राहून नाव घेणं हेही आठवण ठेवणंच असतं.

आणि जिथं कुणी नाव घ्यायला उभं राहत नाही, तिथं काय होतं तेही ऐका. खर्डा, जामखेड तालुका, त्या वेळचा अहमदनगर जिल्हा. २८ एप्रिल २०१४. नितीन आगे, वय १७, शाळेत शिकणारा दलित मुलगा. वरच्या म्हणवणाऱ्या जातीतल्या मुलीशी बोलतो, एवढ्या संशयावरून त्याला शाळेतून मारत नेलं, असं फिर्यादीत होतं. तो झाडाला लटकलेला सापडला. खटला उभा राहिला, पण एकामागून एक साक्षीदार फितूर झाले. नोव्हेंबर २०१७ मध्ये सगळे आरोपी सुटले. पोरगा तर गेलाच. मग त्याला मारलं कुणी? कागदावर कुणीच नाही. दिवसाढवळ्या झालेली गोष्ट होती. पाहणारे होते. पण आठवण ठेवणारे उरले ते त्याचे आईबाप.

आता "इज्जत" या शब्दाबद्दल बोलते. आमच्या बैठकीत त्या काकू म्हणाल्या होत्या, "आपल्या मराठवाड्यात हे चालत नाही. जातीबाहेर गेलं की बापाचं नाक कापलं जातं."

मी त्यांना म्हटलं, काकू, आपल्याकडून बसवकल्याण किती लांब आहे? उदगीरवरून, निलंग्यावरून माणसं रोज जातात. लातूर जिल्ह्यात तर बसवेश्वरांचं नाव घेणारी घरं गल्लोगल्ली आहेत. त्याच कल्याणात बाराव्या शतकात काय झालं? हरळय्या चामड्याचं काम करणारे, आणि मधुवरस जन्मानं ब्राह्मण. दोघेही बसवण्णांच्या अनुभव मंटपातले. हरळय्यांच्या मुलाचं आणि मधुवरसांच्या मुलीचं लग्न दोघा बापांनी ठरवून लावलं. राजा बिज्जळाला आणि दरबारातल्या लोकांना ते सहन झालं नाही. त्यांनी त्या दोन बापांना हाल करून मारलं, अशी शरणांची परंपरा सांगते.

बायांनो, नीट बघा. तिथं मेले ते बाप. लेकरांच्या संसारासाठी बापांनी जीव दिला. आणि साडेआठशे वर्षांनंतरही त्यांची नावं आदरानं घेतली जातात. मग बापाचं नाव कशानं राहतं? मारून राहतं का? हे आपल्याच मातीतलं आहे, बाहेरून कुणी शिकवायला आलेलं नाही.

काकू त्यावर काही बोलल्या नाहीत. पण "सैराट" सगळ्यांनी पाहिला होता. २०१६ मध्ये आला तेव्हा गाणी लागली की थेटरात पोरं नाचायची. शेवटाला मात्र सगळं थेटर गप्प. त्या शेवटाला रडलो, घरी आलो, आणि शेजारची पोरगी कुणाशी बोलताना दिसली की तिच्या आईच्या आधी तिच्या चुलत्याला सांगून आलो. मी हे कुणा दुसरीला म्हणत नाही. आपण सगळ्यांनी केलंय. चाकू गडी माणसाच्या हातात असतो, पण बातमी बहुतेक वेळा बाईच्या तोंडून गेलेली असते.

तर करायचं काय? तीन गोष्टी सांगते. लिहून घ्या, नाही तर पोरीला लिहायला सांगा.

पहिली, मुलगी अठराच्या आतली असेल तर. ओरडू नका, मारू नका, शाळा बंद करू नका. आणि घाईनं लग्न तर लावूच नका, तो बालविवाह आहे. गावात ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. लेकरांसाठी १०९८ हा फोन दिवसरात्र चालतो. मुलीलाही स्पष्ट सांगा, अठराच्या आत त्याच्यासोबत घर सोडलंस तर त्या मुलावर पॉक्सोचा गुन्हा लागू शकतो. तुझं प्रेम असेल तर त्याला तुरुंगात पाठवू नको, थांब, शीक. आणि मुलग्याच्या आईनंही हे आपल्या मुलाला सांगावं. सगळा पहारा मुलीवरच नको.

दुसरी, दोघं सज्ञान असतील तर. मुलगी १८ ची आणि मुलगा २१ चा झाला की जातीधर्माबाहेर लग्न करता येतं, १९५४ चा विशेष विवाह कायदा त्यासाठीच आहे. त्यात ३० दिवसांची नोटीस लागते, म्हणून धोका असेल तर आधी संरक्षण मागावं. सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये सांगून ठेवलंय की आईबापाला पसंत नसेल तर त्यांनी फार तर संबंध तोडावेत, धमकी किंवा मारहाण करता येणार नाही. २७ मार्च २०१८ च्या निकालात तर प्रत्येक जिल्ह्यात अशा जोडप्यांसाठी विशेष कक्ष आणि सुरक्षित निवारा असावा असं सांगितलंय. जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांकडं अर्ज करता येतो. अर्ज दिला की पोच घ्यावी. पोचेशिवाय अर्ज म्हणजे वाऱ्यावरची गोष्ट. तातडीचं असेल तर ११२. बाईला मदत हवी असेल तर १८१. जिल्ह्याच्या ठिकाणी सखी केंद्र आहे, तिथं थोडे दिवस राहायची सोयही होते. आणि विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला वकील फुकट मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. त्यांचा फोन १५१००.

तिसरी गोष्ट अशी, की देव न करो, पण घडलंच तर. पाहिलेलं असेल ते सांगायला मागं हटू नका. साक्षीदाराला धोका असेल तर संरक्षण मागता येतं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू केली. तिचा अर्ज जिल्हा न्यायाधीशांच्या समितीकडं करायचा. एकटीनं जायची भीती वाटत असेल तर गटानं सोबत जावं. दहा बाया न्यायालयाच्या व्हरांड्यात नुसत्या बसल्या तरी आत बोलणारीचा आवाज थरथरत नाही.

आणि मागं राहिलेल्या मुलीकडं, मागं राहिलेल्या मुलाकडं जा. भेटायला जा. भाकरी घेऊन जा. "कशाला केलंस हे" असं विचारू नका. तो कसा होता, एवढं विचारा. सांगू द्या तिला, की त्याचं अक्षर चांगलं होतं, की तो फार हसायचा, की त्याला गणित येत नव्हतं. मेलेल्या माणसाबद्दल जिवंतपणी कसा होता हे बोलायला मिळालं, की मन थोडं मोकळं होतं. आपण विधवेला हे करू देतो. हिलाही करू द्यावं.

शेवटी आमच्या त्या गटाचं सांगते. पुढच्या बैठकीत मी वही काढली आणि म्हटलं, एक ठराव लिहू. बरीच वादावादी झाली. शेवटी इतिवृत्तात एवढंच लिहिलं गेलं: गावातल्या कुठल्याही मुलीचं असं काही कळलं, तर कोणतीही बाई ते गडी माणसाच्या कानावर घालणार नाही, आधी त्या मुलीपाशी बसेल. बारा जणींपैकी नऊ जणींनी सह्या केल्या. तिघींनी केल्या नाहीत. मी आग्रह धरला नाही. सही न करणाऱ्यांत त्या काकूही होत्या, ज्या म्हणाल्या होत्या असंच व्हायचं.

कोपऱ्यातल्या म्हातारीला सही येत नाही. तिनं अंगठा दिला. शाई पुसायला मी कागद पुढं केला, तर तिनं नको म्हणून हात मागं घेतला आणि बराच वेळ त्या निळ्या अंगठ्याकडं बघत बसली. ते नाव आम्हाला अजूनही माहीत नाही. पण मी तिला म्हटलंय, आजी, तुम्हाला वाटंल तेव्हा सांगा, मी ऐकायला येईन.

बैठक संपली, बाया उठल्या, सतरंजी झटकली. ती काकू चप्पल घालता घालता थांबली. माझ्याकडं न बघताच म्हणाली, "ताई, ती नांदेडची पोरगी... जेवत असंल का वो नीट?"

मी म्हटलं, माहीत नाही काकू.

काकू म्हणाली, "कुणी तरी बघायला पायजे."

तुमच्या गावात, तुमच्या गल्लीत, अशी कुणी असेल. वीस वर्षांपूर्वीची असेल, नाही तर कालची. आज भाकरी झाल्यावर जरा तिच्याकडं जाऊन या.